भेकराचे सुळे आणि बांधावरचा फास



दोन आठवडे झाले, पानावर काही लिहिलं नाही. हरभऱ्याची पहिली खुडणी झाली, भाताची पोती घरात आली, लिहायला पुष्कळ होतं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. ती लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचेना. म्हणून आज पिकाचं कमी आणि जनावराचं जास्त आहे. माझ्या चुकीचंही आहे. शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी कामाच्या चार गोष्टी आहेत.

आमची वरची खाचरं ताम्हिणीच्या बाजूला, रानाला लागून. वर कारवीचा उतार, मधे ओहोळ, खाली आमचा बांध. इंद्रायणी काढली की त्याच ओलीवर थोडा हरभरा नि कडेनं वाल टाकतो. आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. पाणी द्यायचं नाही, फार खत नाही, घरापुरतं होतं आणि चार पायल्या विकल्या जातात.

यंदा भात कापणीला आला तेव्हाच रानडुकरांनी एका रात्रीत खाचराचा कोपरा लोळवला. मुळशीत ज्याचं शेत रानाकडेला आहे त्याला हे नवीन नाही. रात्रभर डबा वाजवला, फटाके लावले, माळ्यावर झोपलो. तरी गेलं ते गेलंच. मग हरभरा हातभर वर आला आणि पुन्हा खाण्याच्या खुणा दिसायला लागल्या. शेंडे खुडलेले. दोन सऱ्या तर मुळासकट उपटलेल्या. डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी ओहोळाच्या तोंडाशी, जिथनं जनावरं बांधावर चढतात त्या खिंडीत, मला एक तार दिसली. दुचाकीच्या क्लचची वायर. एक टोक करंजाच्या बुंध्याला पिळून बांधलेलं, दुसऱ्या टोकाला सरकती गाठ, आणि गाठ वीतभर उंचीवर दोन काटक्यांवर टेकवलेली. फास कुणी लावला ते मला माहीत नाही, आजही नाही. पण फास कशाचा असतो ते आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

मी उभा राहिलो, बघितलं आणि पुढं गेलो.

काढला नाही. मनात म्हणलं, आपण काही लावला नाही. अडकलं तर डुक्कर अडकेल, बरंच झालं. एवढाच विचार. दोन दिवस त्या वाटेनं ये-जा केली आणि दोन्ही दिवस मान फिरवून गेलो.

तिसऱ्या रात्री भेकर ओरडायला लागलं.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भेकराचा आवाज हरणासारखा वाटतच नाही. घसा बसलेल्या कुत्र्यासारखा एकच ठोका, मग थांबून पुन्हा एक. इंग्रजीतही त्याला भुंकणारं हरीण म्हणतात ते याचमुळं. आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणायची, भेकर ओरडलं की वाघरू हिंडतंय समजा. म्हणून मी उठलो नाही. बिबट्या असेल, जाईल. पण आमचा मोत्या साखळी काढून गेलेला होता. थोड्या वेळानं त्याचाही आवाज आला, मग एकदम केकाटला, मग शांत.

उजाडता गेलो. मोत्या बांधावर बसलेला, छाती रक्तानं भिजलेली. छातीपासून खांद्यापर्यंत चांगली वीतभर चीर, सुरीनं ओढल्यासारखी सरळ. आणि खाली खिंडीत ती तार ताणलेली, टोकाला भेकर. मागचा एक पाय फासात. नर होता. आजूबाजूची माती आणि पाला खरवडून निघालेला, रात्रभर झटत होता बिचारा. मला बघून उठायला गेला आणि पुन्हा आपटला.

माझा पुतण्या मागनं आला. म्हणाला, "काका, तार तोडू?" आणि हात पुढं केला. तेवढ्यात आमचे तात्या काठी टेकत पोचले, वरनंच ओरडले, "हात लावू नको रं! सुळे बघ त्याचे. मोत्याला कुणी फाडलंय मग?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. चाळीस वर्षं या रानाच्या कडेला काढली, भेकरं शेकड्यानं पाहिली असतील, पण सगळी पळताना, शेपूट वर केलेली. तोंड इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. वरच्या ओठाच्या दोन्ही बाजूंनी एकेक सुळा खाली आलेला. ओठाच्या बाहेर इंचभर, बाहेरच्या अंगाला किंचित वाकलेला, पिवळसर पांढरा. आणि एका सुळ्याला आमच्या मोत्याचे केस चिकटलेले.

गवत-पाला खाणाऱ्या जनावराला सुळे कशाला, हा प्रश्न तिथं बांधावरच मनात आला. वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावला होता, माणसं येईपर्यंत दोन तास लांब बसून राहायचं होतं. तात्या बोलत होते, मी ऐकत होतो. नंतर मोत्याला टाके घालायला आलेल्या पशुवैद्यक डॉक्टरांनाही विचारलं, घरी येऊन वाचलंही. ते सगळं जुळवून सांगतो.

सुरुवात आपल्या गोठ्यापासून करू. बैलाचं तोंड आपण सगळेच उघडतो. वरच्या जबड्याला पुढं दातच नाहीत, नुसती कडक हिरडीची गादी. खाली पुढं आठ दात. बाजारात वय त्यावरच ठरतं. दुधाचे दात असले की आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहा दाती, आणि आठही आले की जुळला. आता गंमत बघा. या आठातले कडेचे जे दोन, ज्यांच्यावर आपण बैल जुळला म्हणतो, ते मुळात सुळेच, असं जाणकार मानतात. लाखो वर्षांत ते पुढं सरकले, चपटे झाले आणि कातरायच्या दातांच्या ओळीत जाऊन बसले. म्हणजे आपल्या बैलाच्या तोंडात सुळा आहे, फक्त त्यानं धंदा बदललाय. वरचा सुळा मात्र पार गेला.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी, या सगळ्यांचं असंच. चितळाच्या तोंडातही वरचा सुळा सहसा सापडत नाही. मग भेकराला कसा राहिला?

याचं उत्तर शिंगात आहे. हरणाच्या नराला भांडायला हत्यार लागतं. मादीसाठी भांडायचं, जागेसाठी भांडायचं. सांबराकडं केवढी थोरली शिंगं असतात. ती दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. गाय-शेळीचं शिंग असं गळत नाही, हा हरणातला नि त्यांच्यातला मोठा फरक. ज्याच्या डोक्यावर असं हत्यार आलं त्याला तोंडात दुसरं ठेवायची गरज उरली नाही. सुळे बारीक होत गेले, काहींचे गेलेच. युरोपातल्या लाल हरणाच्या तोंडात अजून वरचा सुळा सापडतो, पण बोथट मण्यासारखा, ओठाच्या आत. तिकडचे शिकारी तो दागिन्यात घालायचे.

याच्या उलट टोकाला ज्यांना शिंगंच नाहीत ती जनावरं. हिमालयातला कस्तुरी मृग घ्या. नराच्या डोक्यावर शिंग नाही, पण सुळे तीन-तीन इंचांचे, हनुवटीच्या खाली येणारे. चीन-कोरियाकडं पाणथळीत राहणारं एक हरीण आहे, तेही बिनशिंगाचं. त्याचे सुळे दोन इंचांच्या वर, आणि मुळाशी सैल. चरताना मागं घेता येतात, भांडताना पुढं.

आणि लांब कशाला, आपल्या सह्याद्रीतच पिसोरी आहे. कुणी गेळा म्हणतं. सशापेक्षा थोडं मोठं, तीनेक किलो वजनाचं, अंगावर पांढरे ठिपके नि पट्टे, रात्री हिंडणारं. शिंग नाही आणि नराला बारीक सुळे. खरं तर पिसोरी हे हरीणच नाही, त्याचं घराणं वेगळं आणि फार जुनं. पण हरणांचे पूर्वज कसे असतील याचा अंदाज त्याच्याकडं बघून येतो. लहान अंग, शिंगं नाहीत, सुळे आहेत, दाट झाडीत एकटं राहायचं.

भेकर या दोन्हींच्या मधे उभं आहे. शिंगंही आहेत आणि सुळेही. शिंगं आखूड, तीही कपाळावरच्या दोन केसाळ खुंटांवर बसलेली. शिंग गळतं, खुंट राहतो. त्या खुंटांच्या कडा कपाळावरनं खाली डोळ्यांपर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उतरतात. मादीला शिंगं नाहीत, तिथं फक्त केसांचे झुबके. सुळेही तिचे बारीक, बाहेर दिसत नाहीत. म्हणजे सुळा हा खाण्यासाठी नाहीच. खाण्यासाठी असता तर मादीलाही तेवढाच लागला असता.

तात्यांनी त्यांच्या भाषेत हे एका वाक्यात सांगितलं. म्हणाले, "कारवीत घुसायचं तर डोक्यावर झाड घेऊन कसं घुसणार? म्हणून देवानं तोंडात कोयती दिली." मला वाटतं यापेक्षा सोपं कुणी सांगू नये. भेकर मान खाली घालून झुडपात शिरतं. वीस-पंचवीस किलोचं जनावर, एकटं राहतं, त्याला सांबराची शिंगं परवडणार नाहीत. दोन नर भिडले की आखूड शिंगांनी एकमेकाला रेटून तोल घालवतात आणि मग मान झटकून सुळा ओढतात. चावत नाहीत, ओढतात. म्हणून मोत्याची जखम चाव्यासारखी नव्हती, चिरल्यासारखी होती.

ही खूण लक्षात ठेवा. गावात दोघा-तिघांनी मोत्याला बघून डुकरानं मारलं म्हणून सांगितलं, एकानं बिबट्या म्हणलं. डुकराचा मारणारा सुळा खालच्या जबड्यातला, वर वळलेला. तो खालनं वर हिसका मारतो. बिबट्या धरला की मानेला दातांची भोकं पडतात, नखांचे ओरखडे समांतर उठतात. एकच सरळ लांब चीर आणि बाजूला भोक नाही, तर भेकराचा विचार करा. जुने शिकारी कुत्री घेऊन रानात जायचे तेव्हा भेकराच्या नरावर कुत्री तुटून पडली की एखादं फाटून यायचंच, असं तात्यांनी त्यांच्या वडलांकडनं ऐकलेलं.

आता हरभऱ्याकडं येतो, कारण मला खरं टोचलं ते इथं.

वनखात्याची माणसं यायची होती तोवर मी खाचरात फिरून शेंडे बघत बसलो. दाताचं बोलणं कानात होतं, म्हणून प्रथमच नीट बघितलं. ज्या जनावराला वर पुढचे दात नाहीत, गाय असो, शेळी असो की भेकर असो, ते पाला कापत नाही. खालच्या दातांनी आणि वरच्या गादीनं धरून ओढतं. म्हणून त्याच्या खाण्याची कड फाटकी, चोथा झाल्यासारखी राहते. सशाला वर-खाली दोन्हीकडं धारदार दात. त्याची कड चाकूनं तिरकी छाटल्यासारखी, स्वच्छ. आणि डूकर शेंडा खात बसत नाही, उकरतं नि उपटतं.

माझ्या खाचरात काय होतं? उपटलेल्या दोन सऱ्या, त्या डुकराच्या. तिरके छाटलेले शेंडे दोन-अडीच गुंठ्यांभर, ते सशाचे, लेंड्याही तिथंच पडलेल्या. आणि फाटक्या कडेचे शेंडे वरच्या बांधालगत एका पट्ट्यात, मोजले तर पन्नासच्या आत. भेकर मुळात रानातला पाला, कोवळे कोंब आणि पडलेली फळं खाणारं. उंबर, आवळा, जांभूळ. शेतात येतं ते कडेकडेनं, तोंड मारून परत जातं.

म्हणजे नुकसान केलं डुकरानं आणि सशानं, आणि फासात पाय भेकराचा. क्लचवायरला डूकर कोण नि भेकर कोण, कळत नाही. त्यात बिबट्या अडकतो, साळिंदर अडकतं, गावातलं कुत्रं अडकतं. मोत्या स्वतः त्याच वाटेनं गेला होता. त्याची मान त्यात गेली असती तर मी हा मजकूर लिहायला बसलोच नसतो, फास लावणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत बसलो असतो.

वनरक्षक आले, बरोबर बचावाची दोन पोरं. पहिलं काम त्यांनी केलं ते गर्दी हटवायचं. तोवर गावातली पंधरा-वीस माणसं जमली होती, फोन काढून. वनरक्षक शांतपणे म्हणाले, "फोटो काढा पण लांबून. हे जखमेनं नाही मरत, भीतीनं मरतं." नंतर त्यांनी समजावलं. हरणाच्या जातीचं जनावर फार झटलं, फार घाबरलं की त्याच्या स्नायूंवरच परिणाम होतो. सोडल्यावर पळून जातं, आपल्याला वाटतं वाचलं, आणि एक-दोन दिवसांत कुठंतरी मरून पडतं.

जाड गोणपाट डोक्यावर टाकलं. डोळे झाकल्याबरोबर ते निम्मं शांत झालं. एकानं अंगावर भार देऊन धरलं, तोंडापासून हात लांब ठेवून. दुसऱ्यानं कटरनं तार तोडली. पायाची कातडी सोलली होती, हाड शाबूत होतं. औषध लावलं, गोणपाट ओढलं आणि सगळे मागं सरले. भेकर क्षणभर तसंच बसून राहिलं. मग उठलं, तीन पायांवर ओहोळ उतरलं आणि कारवीत गेलं. कारवी हलायची थांबली तरी आम्ही तिकडंच बघत होतो.

पंचनामा झाला. फास कुणाचा विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. मला विचारलं, "तुम्ही आधी पाहिला होता का?"

पंधरा माणसं उभी होती. नाही म्हणणं सोपं होतं. तात्या माझ्याकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते.

मी म्हणलं, "होय. परवा पाहिला होता."

वनरक्षक काही बोलले नाहीत, लिहून घेतलं. जाताना एवढंच म्हणाले, "दादा, त्या दिवशी एक फोन केला असता तर."

भेकर जगलं का, मला माहीत नाही. आठ-दहा दिवसांनी एका पहाटे वरच्या अंगाला भेकर ओरडलं. तेच असेल असं मनाला वाटतं. दुसरंही असू शकेल. मोत्याचे टाके निघाले, तो बरा आहे, पण अजून ओहोळाकडं गेला की थांबतो.

आता कामाच्या गोष्टी.

एक. रानाकडेच्या बांधावर, ओहोळाच्या तोंडाशी, कुंपणाच्या भोकापाशी आठवड्यातनं एकदा चक्कर मारा. तार दिसली तर वनखात्याला कळवा. फास लावणं ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारच धरली जाते, जनावर अडको वा न अडको. आपल्या बांधावर सापडली तर प्रश्न आपल्याला विचारतात. ताम्हिणीला २०१३ पासून अभयारण्य आहे. पण जनावराला हद्दीची पाटी वाचता येत नाही, ते आपल्या खाचरात येणारच.

दोन. अडकलेल्या जनावराला स्वतः हात लावू नका, पाणी पाजायला जाऊ नका, कुत्री बांधा, माणसं हटवा, १९२६ ला फोन करा. नर भेकर लहान दिसतं म्हणून कोकरासारखं उचलायला गेलात तर मनगट फाटेल. आमच्या पुतण्याचं फाटलंच असतं.

तीन. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्या. जंगली जनावराची जखम झाली तर साबण-पाण्यानं भरपूर धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. हळद भरून बसू नका. आणि रात्री कुत्रं बांधून ठेवा. राखणीला मोकळं सोडलेलं कुत्रं शेत कमी राखतं, रान जास्त उठवतं.

चार. पीक कुणी खाल्लं ते आधी कडेवरनं ओळखा, मग उपाय करा. तिरकी स्वच्छ कड असेल तर ससा, त्याला खालनं दाट जाळी लागते. फाटकी कड असेल तर भेकर नाहीतर आपलीच सुटलेली शेरडं. उकरलेलं असेल तर डूकर. फोटो काढून ठेवा आणि नुकसान झालं तर लगेच वनखात्याकडं अर्ज द्या. पैसे उशिरा मिळतात, कमी मिळतात, हे मलाही माहीत आहे. पण अर्जच नसेल तर काहीच मिळत नाही. मी भाताचा अर्ज या वेळी आळसानं दिला नव्हता, तोही माझाच दोष.

वरच्या बांधालगतचा तो एक पट्टा आता मी वालाचा म्हणून धरतच नाही. दोन गुंठ्यांचा हिशोब आहे. त्यात जे येईल ते येईल, भेकरानं तोंड मारलं तर मारलं. सगळ्यांना हे परवडेल असं मी म्हणत नाही. ज्याचं पोट दोन गुंठ्यांवर आहे त्याला मी उपदेश करणार नाही. पण तार दिसल्यावर मान फिरवून पुढं जायला पैसे लागत नाहीत आणि ती काढायला लावायलाही लागत नाहीत, एवढं मात्र खरं.

तुमच्याकडं भेकराला काय म्हणतात? त्याच्या सुळ्यानं कुत्रं फाटल्याचं कुणी पाहिलंय का? आणि सशासाठी कुणी स्वस्तातलं कुंपण केलं असेल तर फोटोसकट सांगा. पुढच्या वेळी हरभऱ्याच्या घाटेअळीवर लिहितो.

राम राम.